सावधपणाची किंमत : ‘एक्सकॉम २’ आणि त्याचे पूर्वज

परग्रहवासीयांशी पाळीपाळीने लढायचा ‘एक्सकॉम २’ हा संगणकावरचा खेळ २०१६ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा त्याच्याविषयीचा सर्वांत मोठा वाद पडद्यावर दिसणाऱ्या एका आकड्यावरून झाला. मोहिमेचे उद्दिष्ट गाठण्यासाठी किती खेळ्या उरल्या आहेत हे सांगणारा तो आकडा प्रत्येक खेळीनंतर एकाने कमी होतो आणि शून्यावर आला की उद्दिष्ट हातचे जाते. आधीच्या खेळात इंच इंच पुढे सरकत, प्रत्येक चालीचा मनसोक्त विचार करत खेळणाऱ्या अनेकांना हा जाच वाटला आणि तो आकडा काढून टाकणारी मॉड, म्हणजे खेळाडूंनीच खेळात केलेले बदल, खेळापाठोपाठच स्टीम या खेळांच्या दुकानावर आली. माझे मत या बाबतीत पहिल्यापासून वेगळे आहे. तो आकडा कितीही त्रासदायक वाटला तरी या मालिकेत वीसहून अधिक वर्षे रेंगाळलेल्या एका प्रश्नाला दिलेले ते पहिले सरळ उत्तर आहे, असे मला वाटते. खेळाडूने सावधपणे खेळावे, पण त्या सावधपणाची त्याला काही किंमत मोजावी लागावी की नाही, हा तो प्रश्न. ‘एक्सकॉम २’ची त्याच्या पूर्वजांशी तुलना करायची तर ती याच प्रश्नाला धरून करावी लागते, चित्रे किती देखणी झाली किंवा शस्त्रे किती वाढली यावरून फारसे काही हाती लागत नाही.

मूळ खेळ १९९४ चा. ज्युलियन गोलॉप आणि त्याचा भाऊ निक यांच्या मिथॉस गेम्सने तो तयार केला आणि मायक्रोप्रोजने प्रकाशित केला. युरोपात त्याचे नाव ‘यूएफओ : एनिमी अननोन’ होते, तर अमेरिकेत ‘एक्स-कॉम : यूएफओ डिफेन्स’. ज्युलियन गोलॉपने १९८८ साली ‘लेझर स्क्वॉड’ हा छोटेखानी डावपेचांचा खेळ केला होता. त्यातली लढाईची पद्धत त्याने इथे एका विशाल चौकटीत बसवली. एका बाजूला फिरणारा पृथ्वीचा गोल, त्यावर तुमचे तळ, रडार आणि लढाऊ विमाने. दुसऱ्या बाजूला पाडलेल्या किंवा उतरलेल्या तबकडीभोवतीची पथकाची लढाई. सोळा देश तुम्हाला दरमहा पैसे पुरवतात, त्यांत भारतही आहे, आणि काम पसंत पडले नाही तर ते हात आखडता घेतात. गोष्ट सुरू होते १ जानेवारी १९९९ रोजी.

या खेळातल्या प्रत्येक सैनिकाकडे ‘टाइम युनिट’ नावाचे भांडवल असते आणि हालचालीचा प्रत्येक कण त्यातून वजा होतो. एक घर (नकाशावरचा एक चौकोन) चालणे, मान वळवणे, गुडघ्यावर बसणे, पिशवीतून हातबॉम्ब काढून हातात घेणे, या सगळ्यांचा वेगवेगळा दर ठरलेला आहे. नुसते गुडघ्यावर बसायला ४ युनिट लागतात. शत्रूच्या पाळीत तुमचा सैनिक आपणहून गोळी झाडेल की नाही हे त्याच्या चपळाईचा आकडा आणि त्याच्याकडे शिल्लक राहिलेल्या युनिटांचे प्रमाण यांच्या गुणाकारावर ठरते. म्हणजे सावधपणा ही इथे अगदी बारीक मापाने मोजता येणारी गोष्ट होती. पूर्ण पळाला तो सैनिक पुढच्या अर्ध्या मिनिटासाठी आंधळा आणि बहिरा. निम्मी युनिटे राखून थांबला तो निम्मा सावध. आपल्याला किती घाई आहे आणि किती भीती वाटते याचा हिशेब खेळाडू प्रत्येक सैनिकागणिक, प्रत्येक पावलागणिक मांडत असे.

ज्यांनी तो खेळ रात्रीच्या मोहिमेत खेळला आहे त्यांना विमानाचा उतार आठवत असेल. चौदा सैनिक स्कायरेंजरच्या पोटात दाटीवाटीने उभे आहेत, समोर काळोख आहे आणि पहिला जो उतरेल त्याच्यावर अंधारातून गोळी येण्याची दाट शक्यता आहे, कारण परग्रहवासीयांना रात्रीही दिवसासारखेच दिसते. अनुभवी खेळाडू आधी प्रकाशाच्या नळ्या बाहेर फेकतो, त्या पिवळसर वर्तुळात एक नवखा सैनिक पुढे पाठवतो आणि उरलेल्यांना युनिटे राखून दारात उभे ठेवतो. मग तुमची पाळी संपते आणि पडद्यावर फक्त ‘हिडन मूव्हमेंट’ एवढी पाटी दिसते. त्या पाटीमागून कुठेतरी दार सरकल्याचा आवाज येतो. ते दार धान्याच्या कोठाराचे की तबकडीचे, हे तुम्हाला पुढच्या पाळीत शोधायचे असते. संगणकावरच्या खेळात भीती निर्माण करण्याचा इतका काटकसरी आणि इतका परिणामकारक मार्ग माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

या खेळात घड्याळ नव्हते. लढाई तुम्ही शंभर खेळ्या चालवली तरी कोणी विचारत नसे आणि त्याचे दुष्परिणामही दिसत. नकाशाच्या एका कोपऱ्यात, एखाद्या बंगल्याच्या माडीवर दडून बसलेला शेवटचा परग्रहवासी शोधण्यात अर्धी संध्याकाळ जाऊ शके. तरीही सावधपणा तिथे कंटाळवाणा झाला नाही, याचे कारण पथकाच्या आकारात होते. चौदांपैकी तीन-चार सैनिक मेले तरी मोहीम यशस्वीच म्हटली जाई, नवी भरती स्वस्त होती आणि त्यामुळे कोणाला तरी पुढे काढणे भागही होते आणि परवडतही होते. जीवितहानी त्या खेळाने हिशेबात धरलेली होती. पुढच्या वर्षी आलेल्या ‘टेरर फ्रॉम द डीप’ने तेच यंत्र समुद्राखाली नेऊन विलक्षण अवघड केले आणि १९९७ च्या ‘एपोकॅलिप्स’ने एकाच महानगरात सगळे नाट्य बसवून खेळाडूला हवे तर अखंड काळात, हवे तर पाळीपाळीने लढण्याची मुभा दिली, परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्या दोघांनी फार भर घातली नाही, म्हणून त्यांच्यापाशी मी थांबत नाही.

फिरॅक्सिस या खेळ बनवणाऱ्या कंपनीने २०१२ साली ‘एक्सकॉम : एनिमी अननोन’ आणला तेव्हा त्याचा प्रमुख रचनाकार जेक सॉलोमन होता आणि १९९४ चा खेळ हा आपला सर्वांत आवडता खेळ असल्याचे तो जाहीरपणे सांगत आला होता. इतक्या प्रेमाच्या वस्तूवर त्याने जी कात्री चालवली तिचे मला आजही कौतुक वाटते. टाइम युनिटे गेली आणि त्यांच्या जागी प्रत्येक सैनिकाला प्रत्येक खेळीत दोन कृती मिळाल्या : चाला आणि झाडा, किंवा दोनदा चाला, किंवा चालून पहारा धरा, ज्याला हा खेळ ओव्हरवॉच म्हणतो. आडोशाचे दोन प्रकार उरले, अर्धा आणि पूर्ण. अर्ध्याने शत्रूच्या नेमातून २० टक्के वजा होतात, पूर्णाने ४०, आणि कोणी बगलेवर आला तर आडोसा असून नसल्यासारखा. हे नियम पाच मिनिटांत कळतात आणि त्यांच्यातून निघणारे प्रश्न बराच काळ पुरतात. खांबामागून निघून गाडीमागे जावे तर बगल सुटते, न जावे तर सोबती एकटा पडतो, अशी पेचाची जागा जवळजवळ प्रत्येक खेळीत येते. मूळ खेळात हा पेच आकड्यांच्या ढिगात बुडालेला असे. इथे तो स्वच्छ दिसू लागला.

मात्र या सफाईबरोबर दोन बदल असे झाले की ज्यांनी मिळून सावधपणाचा अर्थच पालटला. पहिला बदल पथकाचा. चौदांऐवजी सुरुवातीला चार आणि अधिकारी प्रशिक्षणावर पैसे खर्च केल्यावर सहा, इतकेच सैनिक मोहिमेवर जाऊ लागले. प्रत्येकाला असॉल्ट, हेवी, स्नायपर किंवा सपोर्ट असा पेशा मिळाला आणि बढतीबरोबर नवी कौशल्ये मिळू लागली. असा मुरलेला सैनिक गमावणे म्हणजे कित्येक मोहिमांची कमाई गमावणे. त्यामुळे कोणाला तरी पुढे काढण्याची जी मुभा जुन्या खेळात होती ती व्यवहारात संपली. दुसरा बदल शत्रूच्या वागण्याचा. नव्या खेळात परग्रहवासी दोन-तीनच्या टोळ्यांनी असतात आणि तुमच्या कोणाची नजर पडेपर्यंत त्या टोळीला लढाईचे सोयरसुतक नसते. नजर पडली की मात्र त्यांना लगेच, तुमच्या पाळीच्या मधोमध, पळून आडोसा धरण्याची फुकट चाल मिळते. खेळीच्या अखेरीस तुमच्या सहाव्या सैनिकाने दोन घरे जास्त पुढे टाकली आणि त्यातून नवी टोळी जागी झाली, तर तुमच्याकडे उत्तर द्यायला एकही कृती शिल्लक नसते आणि पुढची पाळी त्यांची असते.

या दोन्हींतून निघणारा निष्कर्ष कोणत्याही विचारी खेळाडूच्या लवकरच लक्षात येतो. अर्धीच चाल पुढे टाकायची, सगळ्यांना पहाऱ्यावर बसवायचे, पाळी संपवायची. पुन्हा अर्धी चाल, पुन्हा पहारा. या रांगत्या पहाऱ्याने खेळ सुरक्षित होतो आणि त्याच क्षणी रटाळही होतो, कारण खेळाने दिलेल्या सुंदर कौशल्यांपैकी बहुतेक सारी बाजूला पडतात आणि एकाच बटणावर मोहीम पार पडते. धाडस करणाऱ्याला शिक्षा आणि रेंगाळणाऱ्याला बक्षीस, असे हे गणित बसले होते. यात खेळाडूचा दोष काढणे मला पटत नाही. जो मार्ग जिंकून देतो तोच खेळाडू धरणार. तो मार्ग रंजक करणे हे रचनाकाराचे काम आहे.

फिरॅक्सिसला हे दिसत होते याचा पुरावा त्यांच्याच खेळात आहे. बॉम्ब निकामी करण्याच्या मोहिमांत खेळ्यांची मर्यादा तेव्हाही होती आणि वाटेतली वीजकेंद्रे बंद केली की ती थोडी वाढत असे. त्या मोहिमा मला २०१२ च्या खेळातल्या सर्वांत जिवंत मोहिमा वाटतात. २०१३ च्या ‘एनिमी विदिन’ या विस्ताराने तर मेल्ड नावाचा पदार्थ आणला, जो नकाशावर ठेवलेल्या डब्यांत असतो आणि ठरावीक खेळ्यांत हाती लागला नाही तर नष्ट होतो. त्याच मेल्डमधून सैनिकांची जनुके बदलता येतात आणि अवाढव्य यांत्रिक चिलखतातले मेक सैनिक उभे करता येतात, म्हणून त्याचा मोह मोठा असतो. पुढे जाण्यासाठी दाखवलेले हे आमिष होते आणि ते बरेचसे यशस्वीही झाले. परंतु आमिष नाकारता येते. ज्याला रांगायचेच होते तो मेल्ड सोडून देऊन रांगत राहिला.

‘एक्सकॉम २’ची गोष्ट इथून सुरू होते, आणि ती सुरू करण्यासाठी त्यांनी घेतलेला कथेचा निर्णय मला फार धाडसी वाटतो. आधीच्या खेळातले युद्ध मानवजात हरली, असे गृहीत धरून हा खेळ २०३५ मध्ये उघडतो. वीस वर्षांपासून परग्रहवासीयांच्या वतीने ॲडव्हेंट नावाची राजवट पृथ्वीवर सत्ता चालवते आहे. शहरे चकचकीत आहेत, रोग बरे होत आहेत आणि माणसे गायब होत आहेत. एक्सकॉम ही आता सोळा देशांच्या पैशावर चालणारी सरकारी संस्था राहिलेली नाही. शत्रूचेच एक मालवाहू यान दुरुस्त करून त्यात राहणारी बंडखोरांची टोळी आहे. ॲव्हेंजर नावाचे ते यान कुठेही कायमचे थांबू शकत नाही. आणि या एका कल्पनेतून खेळाचे दोन नवे नियम आपोआप निघतात : बहुतेक मोहिमांच्या सुरुवातीला तुमचे पथक शत्रूला दिसत नसते आणि बहुतेक मोहिमांत तुमच्याकडे वेळ मोजका असतो.

मराठी वाचकाला गनिमी काव्याची ओळख करून द्यावी लागत नाही. मोठ्या फौजेवर मूठभर माणसांनी अवचित घाला घालायचा आणि कुमक पोहोचण्याआधी निसटायचे, यातला घाला आणि निसटणे हे एकाच डावाचे दोन भाग आहेत. त्यांतला एक काढला तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही. ‘एक्सकॉम २’मधली गुप्तता आणि खेळ्यांची मर्यादा यांचे नाते मला तसेच दिसते. लपून पहिला वार करण्याची मुभा ही खेळाडूला दिलेली फार मोठी सवलत आहे. तिच्यासोबत घड्याळ नसते तर प्रत्येक मोहिमेत प्रत्येक टोळीभोवती निवांत फास आवळता आला असता आणि रांगत्या पहाऱ्याची जागा तितक्याच रटाळ अशा एका नव्या सवयीने घेतली असती.

एक नेहमीची मोहीम जवळून पाहू. शहरातल्या एका इमारतीत शत्रूचा संगणक आहे, त्यातली माहिती आठ खेळ्यांत पुसली जाणार आहे आणि त्याआधी आपल्या स्पेशालिस्टने, म्हणजे यंत्रांत शिरकाव करणाऱ्या सैनिकाने, त्यात शिरकाव करायचा आहे. पथक दिसलेले नाही. ज्या घरांवर पाऊल टाकले तर शत्रूला दिसू ती घरे लाल खुणेने दाखवली जातात. पहिल्या दोन खेळ्यांत आपण गल्लीतून पुढे सरकतो. तिसऱ्या खेळीत एक पहारेकरी टोळी समोरून येते : एक अधिकारी, एक शिपाई आणि सेक्टॉइड जातीचा एक परग्रहवासी. आता चार सैनिकांना उंचावर आणि आडोशाला बसवून पहाऱ्यावर ठेवले आणि ग्रेनेडियरने बॉम्ब टाकून सुरुवात केली, तर गोंधळून पळणाऱ्या तिघांवर चारही बंदुका एकापाठोपाठ चालतील. नेहमीच्या पहाऱ्यात नेमाला जी कात्री लागते ती दबा धरून बसलेल्यांना लागत नाही. पण ही मांडणी करायला एक अख्खी खेळी जाते आणि टोळी नेमकी त्याच वेळी वळून दुसऱ्या रस्त्याला लागू शकते. तिला सोडून पुढे जावे, तर संगणकापाशी दुसरी टोळी असेलच आणि मग पाठीमागून पहिलीही येईल. पाच खेळ्या उरल्या आहेत. ग्रेमलिन हा उडता यंत्रमानव लांबूनही संगणकात शिरकाव करू शकतो, म्हणून खिडकीतून नुसती नजर मिळाली तरी पुरे; पण त्या खिडकीकडे जाणारा रस्ता उघडा आहे. २०१२ च्या खेळात यातल्या एकाही प्रश्नाला धार आली नसती, कारण ‘थांबून पाहू’ हे उत्तर तिथे नेहमीच उपलब्ध असे. इथे थांबणे हीसुद्धा एक महाग चाल आहे.

निसटण्याचा भागही तितकाच चांगला साधला आहे. काही मोहिमांत काम झाल्यावर यान बोलावून माघार घ्यावी लागते; जखमी होऊन पडलेल्या सोबत्याला खांद्यावर टाकून नेता येते आणि मेलेल्याला नेले तर निदान त्याची शस्त्रसामग्री परत मिळते. मुदतीत जो यानापर्यंत पोहोचला नाही तो मागे राहतो, शत्रूच्या हाती लागतो आणि कदाचित पुढे कधीतरी त्याला सोडवून आणण्याची मोहीम समोर येते. मोहीम यशस्वी करून एकाला मागे ठेवायचे की सगळ्यांना घेऊन अर्धवट परतायचे, असा निर्णय या मालिकेने खेळाडूवर पहिल्यांदाच इतक्या स्पष्टपणे सोपवला.

असे असले तरी घड्याळाविरुद्धच्या तक्रारी पोकळ होत्या असे मी म्हणणार नाही. एक तक्रार तर मला पूर्ण मान्य आहे : शत्रूला आपण आल्याचे कळलेलेही नसते, तरी मुदत पहिल्या खेळीपासून चालू असते. आपण दिसल्यावर शत्रूने माहिती पुसायला घेतली, हे पटण्यासारखे आहे. न दिसताच का घेतली, याला गोष्टीत समाधानकारक उत्तर नाही. गुप्तता टिकून आहे तोवर घड्याळ थांबवणारी मॉड निघाली ती याच कारणाने, आणि घड्याळ समूळ काढणाऱ्या मॉडपेक्षा ती कितीतरी विचारपूर्वक केलेली आहेत. दुसरी अडचण नकाशांची. आधीच्या खेळातले नकाशे हाताने रचलेले होते आणि म्हणून काही दिवसांनी पाठ होत. या खेळात ते तुकडे जोडून दर वेळी नव्याने तयार होतात, ज्यामुळे ताजेपणा येतो पण अधूनमधून उद्दिष्टापर्यंतचा रस्ता असा काही वळसा घेतो की आठ खेळ्या अपुऱ्या पडाव्यात. मुदत न्याय्य वाटण्यासाठी ती अंतराशी जुळावी लागते आणि इथे ती दर वेळी जुळत नाही.

याहून खोल असा एक दोष आहे, ज्याची चर्चा घड्याळाच्या गोंगाटात झाकली गेली. या खेळातले शत्रू इतके घातक आहेत की त्यांना एकही पाळी मिळू न देणे हाच सर्वोत्तम डाव ठरतो. सेक्टॉइड मनाचा ताबा घेतो, पण त्याला मारले की ताबा त्याच क्षणी सुटतो; व्हायपर ही सापासारखी परग्रहवासी जिभेने सैनिकाला ओढून विळखा घालते, तिला मारले की विळखाही सुटतो. म्हणून बचाव, माघार, जागा धरून ठेवणे या साऱ्यांपेक्षा दिसलेली टोळी त्याच खेळीत संपवणे केव्हाही श्रेष्ठ. हातबॉम्ब कधी चुकत नाही, आडोसा उडवतो आणि चिलखत फाडतो, त्यामुळे टक्केवारीच्या बेभरवशाच्या नेमापेक्षा तो प्यारा होतो. (त्या टक्केवारीबद्दल एक सांगायला हवे : सोप्या पातळ्यांवर लागोपाठ नेम चुकला तर खेळ गुपचूप तुमच्या बाजूने आकडा वाढवतो. पडद्यावर दिसणारा आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा एक असावा असे ज्यांना वाटते त्यांनी वरच्या पातळीवरच खेळावे.) मूळ खेळात लढाईची लय लांब होती, गोळीबार, शांतता, शोध, पुन्हा गोळीबार. ‘एक्सकॉम २’मध्ये प्रत्येक चकमक हे एका खेळीत सोडवायचे कोडे बनते. ते कोडे उत्तम असते, पण लढाई म्हणून त्यात काहीतरी उणे राहते.

नकाशाबाहेरच्या मोठ्या डावातही काळाचाच प्रश्न आहे. १९९४ च्या खेळात तुम्ही जगभर आठपर्यंत तळ उभारू शकत होता, कारखान्यांत लेझर तोफा बनवून त्या नफ्याने विकत होता आणि देशांच्या पैशावरचे अवलंबन हळूहळू कमी करत होता. २०१२ मध्ये एकच तळ उरला आणि डाव जवळजवळ सगळा उपग्रहांभोवती फिरू लागला : ज्या देशावर उपग्रह त्या देशाचा पैसा आणि त्या देशातली दहशत आटोक्यात. तीन ठिकाणी एकाच वेळी अपहरणे होणार आणि तुम्ही एकाच ठिकाणी जाऊ शकणार. आठ देश फुटून निघाले की सगळे संपले. त्या यादीतही भारत आहे आणि पथकात भारतीय सैनिकही येतात. त्यांना आपल्या ओळखीची मराठी नावे देऊन खेळण्याचा आनंद काय असतो, हे ज्यांनी केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. ‘एक्सकॉम २’मध्ये या सगळ्याच्या जागी शत्रूचा अवतार प्रकल्प आला. बारा चौकटी हळूहळू लाल होत जातात, सगळ्या भरल्या की अखेरची उलटी गणती सुरू होते आणि शत्रूची केंद्रे उडवून त्या चौकटी रिकाम्या कराव्या लागतात. पहिल्यांदा हे पाहताना छातीत धडकी भरते. परंतु एकदा उमगले की एक केंद्र उडवले की बराच काळ मोकळा मिळतो, मग हे घड्याळ रणांगणातल्या घड्याळाइतके प्रामाणिक राहत नाही. ते धाक दाखवते आणि मागे सरते. यानातून कुठेतरी शोध घेत असताना दर दोन दिवसांनी नवे संकट येऊन तो शोध मोडतो, हेही काही काळाने शिणवते.

ऑगस्ट २०१७ मध्ये ‘वॉर ऑफ द चोझन’ हा विस्तार आला आणि माझ्या मते ‘एक्सकॉम २’ खऱ्या अर्थाने त्या दिवशी पूर्ण झाला. खेळाडूला पुढे ढकलण्यासाठी दर वेळी आकड्याचीच गरज नसते, परिस्थितीही ते काम करू शकते, हे या विस्ताराच्या रचनाकारांना नेमके उमगले होते. उजाड शहरांत भटकणारे ‘लॉस्ट’ पाहा. ते झुंडीने येतात, प्रत्येक जण दुबळा असतो आणि गोळीने एकाला मारले की झाडणाऱ्याला आणखी एक कृती मिळते. पण नेम चुकला की साखळी तुटते आणि बॉम्बचा आवाज झाला की नवी झुंड येते. म्हणजे इतर ठिकाणी ज्याच्यावर आपण डोळे झाकून विसंबतो तो हातबॉम्ब इथे स्वतःच्याच मुळावर येतो. पडद्यावर मुदतीचा आकडा नसला तरी एका जागी थांबून राहणे शक्य नसते. ‘चोझन’ या तीन सेनापतींपैकी शिकारी तर याच तत्त्वाचा नमुना आहे : तो दुरून एका सैनिकावर नेम धरतो, तशी खूण दिसते आणि पुढच्या पाळीपर्यंत त्याच्या नजरेच्या रेषेतून हलला नाहीत तर ती गोळी लागणारच. पूर्ण आडोशामागे निर्धास्त बसलेल्या माणसाला उठवण्याचा याहून चांगला उपाय मला सुचत नाही.

त्याच विस्ताराने थकवाही आणला. प्रत्येक मोहिमेत सैनिकाचे मनोबल घटते आणि थकलेल्याला पुन्हा पाठवले तर त्याच्या मनात कायमची भीती घर करू शकते. त्यामुळे सहा लाडक्यांचे एकच पथक सगळीकडे नेण्याची जुनी चाल बंद पडते, दुसरी-तिसरी फळी तयार ठेवावी लागते आणि १९९४ च्या खेळातली ती भली मोठी सैनिकांची यादी निराळ्या वाटेने परत येते. आणि ज्यांना घड्याळ सोसवत नाही त्यांच्यासाठी मुदत वाढवण्याचा आणि अवतार प्रकल्प लांबवण्याचा पर्याय अधिकृतपणे दिला गेला, हेही योग्यच झाले. जानेवारी २०१७ मधल्या ‘लाँग वॉर २’ या प्रचंड मॉडने तर हाच प्रश्न रणांगणाबाहेर नेऊन ठेवला होता : पथकाने मोहिमेच्या जागी आधी किती दिवस घुसखोरी करायची ते तुम्ही ठरवायचे; पथक मोठे नेले तर घुसखोरी सावकाश, छोटे नेले तर झटपट, आणि घुसखोरी जितकी पुरी तितके शत्रू कमी. सावधपणाची किंमत इथे दिवसांत आणि माणसांत मोजली जाते.

तरीही जुन्या खेळातले काही असे आहे जे ‘एक्सकॉम २’पर्यंत परत आले नाही आणि त्याची उणीव मला जाणवते. १९९४ च्या खेळात गोळीला स्वतःचा मार्ग होता. चुकलेली गोळी नाहीशी होत नसे, ती पुढे जाऊन भिंतीत, कुंपणात किंवा आपल्याच सोबत्याच्या पाठीत घुसे. सैनिकाचे तोंड कोणत्या दिशेला आहे याला महत्त्व होते आणि मागून येणारा शत्रू खरोखरच दिसत नसे. अशा नियमांमुळे कोणीही न लिहिलेले प्रसंग घडत. गोलॉपने स्वतः २०१९ च्या ‘फीनिक्स पॉइंट’मध्ये शत्रूच्या विशिष्ट अवयवावर नेम धरण्याची सोय देऊन त्या दिशेने पुन्हा पाऊल टाकले, आणि मूळ खेळ ओपनएक्सकॉम या चाहत्यांनी केलेल्या आवृत्तीमुळे आजच्या संगणकांवर सुखाने चालतो, म्हणून ही तुलना कोणालाही स्वतः करून पाहता येते. २०२० चा ‘किमेरा स्क्वॉड’ दोन्ही बाजूंच्या चाली एकाआड एक गुंफतो आणि दारे फोडून शिरण्याच्या क्षणावर सगळा भर देतो. तो चांगला असला तरी आकाराने आणि महत्त्वाकांक्षेने लहान आहे. जेक सॉलोमनने २०२३ मध्ये फिरॅक्सिस सोडले.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने माझ्या मते २०१२ चा खेळ ‘एनिमी विदिन’सह आधी खेळावा, कारण आडोसा, बगल आणि पहारा यांची भाषा तो सर्वांत स्वच्छ शिकवतो, आणि रांगता पहारा किती सोपा आहे हे हाताने करून पाहिल्यावरच पुढच्या खेळातल्या घड्याळाचे प्रयोजन पटते. मग ‘एक्सकॉम २’ घ्यावा तो थेट ‘वॉर ऑफ द चोझन’सह, आणि पहिल्या डावात मुदत वाढवण्याचा पर्याय खुशाल चालू ठेवावा, मात्र घड्याळ संपूर्ण काढणारे मॉड लावू नये. ज्यांना घड्याळाचे वावडेच आहे त्यांनी ‘बीटा स्ट्राइक’ हा पर्याय लावून पाहावा. त्यात दोन्ही बाजूंचे आयुष्य दुप्पट होते, दिसलेली टोळी एका खेळीत संपत नाही, शत्रूची पाळी येते, आपल्याला आडोसा बदलावा लागतो, जखमींना मागे घ्यावे लागते, आणि चकमकींना जुन्या खेळासारखी लांबण पुन्हा मिळते.